माझी वर्षं तिच्याकडे होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेवग्याचा पाला निवडणं. वॉचमननं मागच्या झाडाची फांदी तोडून आणून दिली होती. दुपारची वेळ, करंट गेलेला, म्हणून बाल्कनीच्या दारात पेपर पसरून बसलो. बायको पान न् पान खुडायची. मी काडी धरून ओरबाडायचो.

"काड्या कोण खाणार? तुमचा बाप?" ती म्हणाली.

माझा बाप मरून जमाना झाला. पण ऐकून मला बरं वाटलं. का, तर त्याच्या आधी कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोललीच नव्हती. जेवायला या, गोळी घ्या, दार लावा, एवढंच. त्या दुपारी पाला खुडता खुडता ती आपणहून बोलायला लागली आणि मी ऐकत राहिलो. संध्याकाळी ती गेली.

ती का बोलत नव्हती आणि मी का एवढा आसुसून ऐकत होतो, ते सांगायचं तर मागून सुरुवात करायला पाहिजे. मी शिकलेला माणूस नाही. पाचवीपर्यंत शाळा झाली, तीही तमिळ. मराठी आमच्या घरातली, आजोबा तंजावरहून घेऊन आलेले ती. अक्षरं आईनं शिकवली. पुण्याची माणसं आमचं बोलणं ऐकून हसतात. हसू देत.

गिंडीच्या इस्टेटीत एका कारखान्यात मी भट्टीवर होतो. गाड्यांचे गिअर तापवून तेलात बुडवायचे, म्हणजे ते कडक होतात. भट्टी एकदा पेटवली की विझवत नाहीत. थंड करून परत तापवायची म्हटलं तर दिवस फुकट जातो. म्हणून तीन शिफ्ट. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रात्रीची. अंगाला एकीची सवय लागते न लागते तोवर दुसरी सुरू. पोरगा होतो तेव्हापासून रिटायर होईपर्यंत हेच. जवानीत त्याचं काही वाटलं नाही. उलट ऐट होती. नऊला जाऊन पाचला येणारा माणूस म्हणजे आम्हाला शाळकरी पोर वाटायचा.

रात्रपाळी संपली की सायकलनं आदंबाक्कमला घरी यायचो. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं का उघडं, कुठं वळलो, कोण भेटलं, काही ध्यानात नसायचं. सायकल मला घरी आणायची म्हणा ना. ताकभात खायचा आणि आडवं व्हायचं. पण दिवसाची झोप ती काय झोप? खाली भाजीवाला ओरडतोय, शेजारी मिक्सर लावलाय, वरच्या मजल्यावर कुणीतरी खाट ओढतंय. डोळे मिटलेले आणि कान उघडे. त्यातून जरा खोल जाऊ लागलो की संध्याकाळ व्हायची आणि बायको उठवायला यायची.

आमच्यात दिवेलागणीला घरात कुणी झोपून राहायचं नाही. आजारी असला तरी उठून बसायचं. लक्ष्मी यायची वेळ ती. आता माझी नाइट शिफ्ट रात्री दहाची. मला आठपर्यंत झोपता आलं असतं. पण नाही. ती यायची, दोन्ही खांद्यांना धरून मला बसतं करायची, पाठीला भिंत आणि मधे उशी. मी बसल्या बसल्या मान टाकायचो. ती देवापुढं दिवा लावायची, घंटा वाजवायची, माझ्या कपाळाला विभूती लावायची आणि मग म्हणायची, "आता झोपा." आता कुठली झोप? भांडायचो मी. एकदा तर उशी फेकली तिच्यावर. तिनं उशी झटकली, परत मागं लावली आणि घंटा वाजवली.

डोकं सदा तापलेलं असायचं माझं. भट्टीवर कमी आणि घरी जास्त. पोरं मला घाबरायची. मी घरात आहे म्हटलं की कुजबुजत बोलायची. मला वाटायचं, चांगलं वळण आहे पोरांना.

रिटायर झालो तर झोप सुधारेल असं सगळे म्हणाले. कुठली सुधारते. रात्री टक्क जागा, दुपारी जेवता जेवता डुलकी. कारखाना सुटला पण शिफ्ट काही सुटली नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मुलीच्या मुलीचे कान टोचायचे होते. मुलीला आम्ही अजून पापा म्हणतो, म्हणजे तमिळमध्ये बाळ. ती कोइंबतूरला असते. कार्यक्रम वडपळनीच्या देवळात झाला. मुलाचे किंवा मुलीचे कान टोचताना मामाच्या मांडीवर बसवायचं, ही इकडची पद्धत आम्हीही पाळतो. माझा मुलगा दुबईहून त्यासाठी आला होता. नात रडली, सगळे हसले, जिलबी खाल्ली. तेव्हा मी पापाला म्हणालो, "तुझे कान टोचले तेव्हा मी नव्हतो गे. रात्रपाळी होती. अजून मनाला लागतं."

बायको पाणी पीत होती. तिला ठसका लागला.

"नव्हतात? अहो, तुमच्याच मांडीवर बसली होती की ती! मामाची गाडी लेट झाली, मुहूर्त टळायला नको म्हणून तुम्हीच बसलात. तुमचा अंगठा चावली ती. रक्त आलं."

सगळे हसायला लागले. मीही हसलो. पण मला काही म्हणता काही आठवेना. देऊळ नाही, सोनार नाही, अंगठा नाही. म्हातारपणी विसरतात ते असं असतं, की होतं, पण हाताला लागत नाही. इथं हात घालावा तर भांडंच नाही. आणि मी पापाची वर्षानुवर्षं माफी मागत आलो होतो, जिथं मी हजर होतो त्याच्यासाठी.

घरी येऊन मी एकेक आठवायला बसलो. मुलाचा पहिला वाढदिवस. काही नाही. सासूबाई आमच्याकडे राहिल्या ते वर्ष. काही नाही. बायकोचं दुसरं बाळंतपण. हॉस्पिटलच्या जिन्याचा लोखंडी कठडा आठवला, हिरवा रंग दिलेला. बाळ नाही, बायको नाही. भट्टीचं म्हणाल तर सगळं आठवत होतं. कुठल्या दाराची कडी ढिली होती, तेही. मला भीती वाटली. मुलगा परत जायच्या आधी मला डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर म्हणजे एक पोरसवदा बाई. मला मानानं अय्या म्हणाली, घाई केली नाही. चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, डोक्याचा फोटो काढून आणायला सांगितला. तो बघून म्हणाली, आत्ता तरी मोठं काही बिघडलेलं दिसत नाही. मग विचारलं, काम काय करत होता? मी शिफ्टचं सांगितलं. ती खुर्चीत मागं टेकली.

तिनं जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहितो. दिवसभर माणूस जे बघतो, ऐकतो, ते डोक्याच्या ओसरीवर पडून असतं. ते उचलून आतल्या खोलीत लावायचं काम झोपेत होतं. खोल झोप लागली, रात्रीची, सलग, तर नीट लावलं जातं. अर्धवट झोप, तुटकी झोप, रोज वेगळ्या वेळेला झोप, असं असलं की बरंचसं ओसरीवरच राहतं आणि दुसऱ्या दिवशीचं त्याच्यावर येऊन पडतं. सगळ्यांचं सारखंच होतं असं नाही म्हणाली. पण रागाचं विचारलं तेव्हा मान हलवली. म्हणाली, झोप मोडलेल्या माणसाच्या डोक्याला ब्रेक कमी लागतो.

मी विचारलं, "मग ते परत मिळंल काय, अम्मा?"

"जे आत गेलंच नाही ते कुठून काढणार, अय्या? पण आता तरी सांभाळा. काही चांगलं बघितलं, ऐकलं, त्या रात्री झोपा. रात्र जागून काढलीत तर तो दिवस धड बसायचा नाही."

बायको शेजारी बसली होती. मी दिवेलागणीचं सांगितलं. डॉक्टरबाई तिला म्हणाली, "पाटी, तुम्ही तर बरोबर मधेच झोप मोडायचात त्यांची."

पाटी म्हणजे आजी. बायकोला तो शब्द आवडायचा नाही. "मग काय," ती म्हणाली, "दिव्यापुढं मढ्यासारखं पडू द्यायचं होतं?"

डॉक्टरबाई हसली. मला हसू आलं नाही. मी घरी येताना रिक्षात एकच विचार करत होतो. माझी अर्धी जिंदगी माझ्याकडे नव्हती. पण कुठंच नव्हती असंही नाही. ती हिच्याकडे होती. ती रात्रीची झोपत होती, तिला सगळं आठवत होतं. आणि आम्ही दोघं पिकलेली पानं. ती आधी गेली तर माझी वर्षं तिच्याबरोबर जाणार होती. मी आधी गेलो तर रिकामा जाणार होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला म्हटलं, "बस इथं. सगळं सांग. लग्न झालं तिथपासून."

"काय सांगू?"

"काय काय झालं ते."

"स्वैपाक केला, भांडी घासली. झालं."

मग हळूहळू सांगायला लागली. रोज दुपारी. पण सांगणारी म्हणून ती भयंकर. मधूनच सुरू करायची. मला हवं मुलगा पहिल्यांदा कधी चालला ते, तर ही सांगणार त्या दिवशी शेजारच्या मामीनं कुठलं नऊवारी नेसलं होतं आणि तिच्या सांबारात मीठ कसं जास्त होतं. मी म्हणायचो, "मुद्द्यावर ये." ती म्हणायची, "हाच मुद्दा आहे. मीठ जास्त म्हणून तुम्ही ताट सरकवलंत, आणि ते धरायला पोरगा चालत आला."

असं पुष्कळ मिळालं मला. मुलगा ताटाकडे चालत आला, हे मिळालं. मरीनावर एकदा चौघं गेलो होतो आणि मी वाळूत झोपलो, पोरांनी मला गळ्यापर्यंत पुरलं, हे मिळालं. दुपारी ऐकायचो आणि डॉक्टरबाईनं सांगितलं तसं रात्री झोपायचा प्रयत्न करायचो. दुपारची डुलकी बंद केली, संध्याकाळची कॉफी बंद केली. खरंच सांगतो, तिनं सांगितलेलं टिकायला लागलं. मला स्वतःलाच बघितल्यासारखं वाटायला लागलं.

त्यातच तिनं पुराचं सांगितलं. आमच्या गल्लीत एकदा कमरेएवढं पाणी चढलं होतं. सासूबाई आमच्याकडे होत्या, पायानं अधू. तर मी म्हणे कारखान्यातून आलो, त्यांना खांद्यावर घेतलं आणि पाण्यातून समोरच्या घराच्या गच्चीवर नेऊन ठेवलं. सासूबाई वरून ओरडत होत्या, "जावईबापू, माझी पिशवी!" आणि मी परत जाऊन त्यांची पानसुपारीची पिशवी आणली.

मला हे फार आवडलं. मी कधी असं काही केलं असेल असं मला माझं मलाच वाटत नव्हतं. अड्यारला मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाकडे जेवायला गेलो होतो. तिथं चार माणसांत मी ते सांगितलं. पिशवीसकट.

मेहुणा घास हातात धरून बघत राहिला. "भाऊजी," तो म्हणाला, "आईला मी उचललं होतं. तुम्ही कारखान्यात अडकला होता. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर आलात."

त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं, पण बाण सुटला होता. मी ताटातला भात कालवत बसलो. बायको मान खाली घालून पापड मोडत होती. खोटं बोलत होती असं तिच्या तोंडावर कुठंही नव्हतं. पकडलं गेल्याचा वैताग होता फक्त.

घरी येऊन मी विचारलं, "भावाचं उचलून मला का दिलंस?"

"त्याच्याकडे पुष्कळ आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे काही नव्हतं."

"म्हणून खोटं?"

"खोटं कसलं? तुम्ही असतात तर उचललं असतंत की नाही?"

"आणि पापाचे कान? ते तरी खरं का? का तिथंही मामाच बसला होता?"

हे मी विचारायला नको होतं असं नाही. कुणीही विचारलं असतं. पण तिला लागलं. ती म्हणाली, "जा. त्यालाच विचारा. तो सगळं खरं खरं सांगंल," आणि आतल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाल्कनीच्या दारात जाऊन बसलो. ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मीही मग हट्टाला पेटलो. म्हटलं, राहू दे. खोट्या वर्षांपेक्षा रिकामी बरी.

आता त्या दिवसांचा हिशोब कुणाकडे मागू? ती घरातच होती. हाक मारली तर ओ देत होती. तेवढ्यात एखादं वर्ष तरी सांगून झालं असतं. खरं खोटं मागाहून बघितलं असतं. मी आपला टीव्ही लावून बसलो.

तर त्या दुपारी पाला खुडता खुडता ती बोलायला लागली. मी विचारलंही नव्हतं.

"तुम्ही रात्रपाळीहून आलात की पायरीवर बसायचात, बूट काढायला," ती म्हणाली. "एक बूट काढून झाला की तिथंच झोप. दुसरा मी काढायची."

"बरं?"

"तेव्हा तुम्ही बोलायचात."

"झोपेत?"

"झोपेत नाही, जागे नाही. मधेच कुठंतरी. मी विचारायची, तुम्ही सांगायचात. एरवी तुमच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून म्हैस काढायची. पण तेव्हा छान बोलायचात. मी मुद्दाम दुसरा बूट सावकाश काढायची."

मी हातातली काडी खाली ठेवली. "काय बोलायचो?"

"जे जागेपणी कधी बोलला नाहीत ते."

"म्हणजे काय?"

"ते नाही सांगणार."

"का नाही?"

"सगळं तुम्हालाच देऊ? मला काय राहील?"

मला राग आला आणि हसूही आलं. म्हटलं, "हे तरी माझं आहे का? का परत भावाचंच दिलंस?"

तिनं काडी फेकून मारली मला. "शी! भाऊ माझ्याशी असलं बोलेल होय?" म्हणाली, आणि अशी हसली, की मी लग्नातसुद्धा तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. बघितलं असेल तर आठवत नव्हतं.

तेवढ्यात करंट आला. पंख्याचं बटण चालूच राहिलं होतं, तो फुल्ल स्पीडनं फिरला आणि निवडलेला सगळा पाला खोलीभर उडाला. टीव्हीमागं, देव्हाऱ्यात, तिच्या केसांत. "अय्यो, बंद करा, बंद करा!" ती ओरडत होती आणि मला बटण सापडत नव्हतं. मग दोघं गुडघ्यांवर बसून पानं गोळा करत राहिलो. तिनं त्याची डाळ घालून भाजी टाकली.

गॅस बंद करून ती बाहेर आली आणि म्हणाली, छातीत भरल्यासारखं वाटतंय, पित्त असेल. जरा पडते. मी आल्याचं पाणी करून आणलं. दोन घोट घेतले. तिसरा घेतला नाही. शेजारच्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, ती आलीही लगेच, पण हॉस्पिटलात त्यांनी नुसता हात लावून बघितला. ज्या माणसानं मला बाहेर येऊन सांगितलं त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मोबाईलवर कुणाला तरी आलो आलो म्हणत होता.

घरी आणलं. मुलगा दुबईहून निघाला होता, पापा कोइंबतूरहून रात्रीच्या गाडीनं. दोघं येईपर्यंत थांबायचं म्हणून बर्फाची पेटी भाड्यानं आणली. काचेची असते, प्लग लावतात. हॉलच्या मधोमध ठेवली. रात्री माणूस जागं पाहिजे शेजारी, तशी रीत आहे. मी बसलो. मेहुणाही बसला. तो मधेच म्हणाला, "भाऊजी, पापाचे कान टोचले तेव्हा, खरं सांगतो—"

"नको सांगू," मी म्हटलं. "तिनं सांगितलंय तेवढं पुरे."

तो रडायला लागला. मला रडू आलं नाही. उजाडायला लागलं तसं मला दुसरंच काही व्हायला लागलं. शिफ्ट संपताना जे व्हायचं तेच. डोळ्यांत वाळू, कानांत पेटीची घरघर, आणि डोक्यातून एकेक गोष्ट सुटत चाललेली. तिनं काडी मारली ती छातीवर लागली की तोंडावर? "मला काय राहील" म्हणाली की "माझं काय राहील"? केसांत पान अडकलं होतं ते मी काढलं की तिनं? काल दुपारचंच हे. आणि मला नक्की सांगता येईना. मी घाबरलो. बाकीची वर्षं सांगायला ती होती. या दुपारचं सांगायला कोण होतं? तिथं आम्ही दोघंच होतो. आणि डॉक्टरबाईनं नको म्हटलं होतं तशीच ती रात्र मी जागून काढली होती.

पापा पोचली. गळ्यात पडली, पेटीवर डोकं ठेवून रडली. गल्लीतल्या बायका आल्या. मोठमोठ्यानं रडणं सुरू झालं. मुलाचं विमान अकराला उतरणार होतं. आतल्या खोलीत बॅगा आणि बायका भरलेल्या. मी कोपऱ्यातली चटई घेतली, पेटीच्या बाजूला जमिनीवर पसरली आणि चष्मा काढला.

मेहुण्याची बायको धावत आली. "भाऊजी, हे काय? प्रेताशेजारी झोपतात का कुणी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कॉफी दे," मी म्हटलं.

"अहो पण बायको गेलीय तुमची!"

"ठाऊक आहे मला. म्हणूनच."

तिला काही कळलं नाही. कुणालाच कळलं नसणार. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. मेहुण्यानं तिला दंडाला धरून मागं ओढलं आणि बाल्कनीचा पडदा लावला. पापा माझ्याजवळ येऊन खाली बसली. तिचा चेहरा सुजला होता.

"अप्पा, बरं वाटत नाही का? डॉक्टरला बोलावू?"

"नको. मला झोपू दे. दादा आला की उठव. त्याच्या आधी उठवू नको, कुणी काही म्हणालं तरी."

"बरं," ती म्हणाली.

मी पेटीकडे तोंड करून कुशीवर झालो, डोक्याखाली हात घेतला आणि झोपलो.